लक्तरं

उसेनू, डोळे मिटून घे.
दिवा नको, चष्मा नको,
गळ्यापाशी शिवलेली ती चिठ्ठी तर नकोच.
चिठ्ठी खोटं बोलते. पोताला ते जमत नाही.
आता चोळ, अंगठा आणि दोन बोटं.
मऊ आहे म्हणतोस? मऊ तर लोणीही असतं.
ऊब लगेच येते, की थांबून?
थांबून येते ती मेंढी.
लगेच येते ते पेट्रोल.

संशय आला तर एक दशी ओढ, काडी लाव.
केस जळल्याचा वास, राख चिमटीत भुगा : डावीकडे.
काळा थेंब होऊन टपकली, तर हात सांभाळ. उजवीकडे.
उजवीकडच्यासाठी पूर्वी एक घमेलं पुरायचं.
आता खोली लागते.

जग आपली लक्तरं कुठल्या ना कुठल्या वेशीवर टांगतं,
आम्ही प्रातोवाले ती वेशीतून आत घेतो.
माझ्या बापाकडे सैनिकांचे डगले यायचे, मालगाडीनं.
बटणं कापायची, अस्तर फाडायचं, खिसे उलटे करायचे.
एका खिशात निघालं अर्धं बिस्कीट आणि एक दात.
बापानं दात पुरला.
डगल्याची घोंगडी झाली, तिच्यात मी वाढलो.

करडे किती दिसतात तुला? चार?
मला एकोणचाळीस.
चाळिसावा फ्योरेंझाला दिसायचा, माझ्या बायकोला.
करड्यात नेमका करडा मिसळला
की रंगारी नको, उकळतं पाणी नको.
म्हणून बिझेन्झियो आता नदीच्या रंगाची वाहते.
मी लहान असताना ती सोमवारी लाल असायची,
मंगळवारी, ऑर्डर कुठली त्यावर.

पाहुणे येतात, टाय लावून,
हवेत बोट गोल फिरवतात : चक्र, चक्र.
मी मान डोलावतो, कॉफी पाजतो.
चक्र नाही रे.
पिंजताना धागा तुटतो, दर फेरीला आखूड,
थोडी नवी लोकर घालावीच लागते.
गोगलगाईचा शंख बघ :
फिरतो खरा, पण आत आत, लहान लहान होत.
आपण एखादं वेटोळं वाढवतो, एवढंच.
तेही पुरलं असतं,
येणाऱ्या गठ्ठ्यांना दम असता तर.

हा झगा घे. किमतीचं बिल्लं अजून लोंबतंय.
जमिनीखालच्या तेलातून निघाला, दोन समुद्र ओलांडले,
एका कपाटात चार महिने उभा राहिला
आणि कुणाच्याच अंगाला न लागता माझ्यापर्यंत आला.
तीन जातींचे धागे, एकमेकांत वितळलेले.
माझ्या हाताला यातलं काही वाचता येत नाही.

तू नव्हतास तेव्हा, त्या नोव्हेंबरात
महिन्याचा पाऊस रात्रीचं जेवण आणि झोप यांच्या मध्ये पडला.
नदी दार न ठोठावता आत आली.
गठ्ठे पाणी पीत राहिले, फुगले, भिंत ढकलून दिली त्यांनी.
सकाळी गोदामभर ओल्या मेंढ्यांचा वास,
जणू सगळ्या मेलेल्या मेंढ्या परत आल्यात
आपापली लोकर मागायला.
विम्याचा माणूस म्हणाला, माल काय होता?
म्हटलं, चिंध्या.
त्यानं रकान्यात शून्य लिहिलं. चांगला मुलगा होता, पेन खाली ठेवून खांद्यावर हात ठेवला.

आणि हसू नकोस, माझ्या अंगातला हा स्वेटर चोळून बघ.
लगेच ऊब. हो.
नऊ युरो.
यंत्रात टाकला की झालं.
लोकर हातानं धुवायची असते, कोमट पाण्यात,
आणि ते हात आता नाहीत घरात.

थांब. काय लागलं तुझ्या बोटांना?
कोपर. रफू केलंय.
दोनदा. दुसऱ्यांदा हिरव्या धाग्यानं,
निळा संपला असणार.
नाही, डावीकडे नाही. उजवीकडेही नाही.
याच्यासाठी मी इतक्या वर्षांत ढीग केलाच नाही.
तिथं खिळ्याला अडकव.
तुझ्या मापाचा दिसतो. ने घरी,
घाल,
यंदा थंडी पडलीच तर.